इजिप्तहून न आलेली माणसं

अण्णा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एक ग्रीक शब्द सांगायला बसलोय. बाप गेल्यावर लेकाला अक्कल आली, असं म्हणाल. म्हणा. यिफ्तोस. मी ज्या बोटीवर फिटर आहे तिथला सेकंड इंजिनियर ग्रीक, आणि हा शब्द कायम त्याच्या तोंडात. त्यानंच समजावलं, मूळ अर्थ इजिप्तचा माणूस. ग्रीसमध्ये फिरस्ती माणसं आली, लोकांना वाटलं इजिप्तहून आली, नाव चिकटलं. ती लोहारकाम करायची, म्हणून लोहारालाही तेच. पुढे कळकट माणसाला तेच, कंजुषालाही तेच. खरं तर ती इजिप्तची नव्हेतच, हजारेक वर्षांपूर्वी आपल्या इकडूनच निघालेली. स्वतःला ती रोमा म्हणवतात, पण विचारतो कोण.

ऐकताना मला चिखलोलीचा रस्ता दिसत होता. रविवार आहे, मी दहा वर्षांचा, हातात आईची बोथट विळी. रस्त्याकडेला घिसाड्यांचं पाल, नवरा ऐरणीपाशी, बायको घण मारतेय. मी लांबूनच ओरडतो, "ए घिसाडी, धार लाव, चल पटकन." तुम्ही मागून येता. मारत नाही, आवाज चढवत नाही. विळी काढून घेता आणि म्हणता, "त्यांना आईबापानं नाव ठेवलंय. ते विचार, मग काम सांग." मग उकिडवे बसून त्यांचा भाता ओढता, त्यांच्या तांब्यातलं पाणी पिता, मलाही देता. परतताना एवढंच बोललात, "गावात मला कुणी नावानं हाक नाही मारली रे. धम्म घेतला तरी जातीनंच हाक मारायचे." त्या दिवशी तुम्ही मला फार आवडलात. सांगायचं राहिलं.

गेल्या महिन्यात ग्रीसच्या एका बंदरावर भंगारवाल्यांची गाडी आली, भोंगा लावलेली. एक म्हातारा आणि त्याची सून. आमच्या वर्कशॉपमधलं गंजकं लोखंड दोघांनी हातानंच चढवलं. सेकंड हसत मला म्हणाला, "हे यिफ्तोस तुमच्याच देशातले ना? तुझे भाऊबंद?" बोटीवर मी एकटाच भारतीय. माझं आडनाव वाचून तिथे कुणाला काही कळत नाही, त्या सुखात पंधरा वर्षं काढलीत मी. मी पण हसलो. म्हणालो, "छे, आमच्यात असले नसतात."

सुट्टीवर बदलापूरला आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, शब्द, म्हातारा, भोंगा. ते एक वाक्य तेवढं गाळलं. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून इथे लिहिलं. तुम्ही असता ना अण्णा, तर तुम्हालाही गाळूनच सांगितलं असतं.