देव्हाऱ्यातला मेणाचा ठोकळा

वरसे, रोहा
१८ जानेवारी २०२५

चि. पूजास अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. पुण्यात थंडी असेल, कान झाकत जा. इथे वाल फुलोऱ्यावर आलेत.

सोमवारी सकाळी आंघोळ करून पूजेला बसलो, पण देवांना हात लावण्याआधी त्यांच्यामागची डबी काढली. बाळा, मी तुला खोटं सांगितलं होतं. आईच्या गाठीचा तुकडा ज्यात बसवलाय, तो मेणाचा ठोकळा हरवलेला नाही. इस्पितळाने रिपोर्टबरोबर हातात दिला होता, ती गेल्यापासून तो देव्हाऱ्यात आहे.

अस्थी नदीत गेल्या. तिच्या अंगाचं एवढंच उरलं, नखाएवढं, मेणात. वितळू नये म्हणून समईसुद्धा मी लांब सरकवली. रोज गंध उगाळताना तिच्याशी दोन शब्द बोलतो. आजारपणात बोलायचे राहिलेले.

दिवाळीत तू म्हणालीस, "बाबा, मूत्राशयाच्या कॅन्सरच्या गाठीतही जिवाणूंची वस्ती असते. त्यातले कोणते रोग वाढवतात, ते आम्ही प्रयोगशाळेत शोधतोय. आईचा ठोकळा द्या." मी ओरडलो, "जंतू शोधायला तुला आईच मिळाली?" आणि वर सांगितलं, हरवलाय. तू भरलं ताट सोडून उठलीस.

आणखी एक सांगायचं आहे. वर्षश्राद्धाला मी त्या ठोकळ्याला हळदकुंकू लावलं. ती सवाष्ण गेली ना. बोट फक्त वरच्या मेणाला लागलं. त्याने तुमचं काम बिघडणार असेल तर चूक माझी, तुझ्या सरांना तसं सांग.

त्याच सोमवारी डबी खिशात घालून पेणला तुझ्या आजीकडे, काशीबाईंकडे गेलो. त्या कारखान्यात माघी गणपतींना रंगाचा हात देत होत्या. सगळं ऐकून घेतलं, ब्रश काही खाली ठेवला नाही.

"देवात बसवलास तिला? जिती व्हती तवा बसू दिलीस का कधी? च्या आण, डबा दे!"

मी खिशातली डबी चाचपली.

"आमी येवढे गणपती करतो जावाय, येक तरी घरात कोंडून ठेवतो का? डोले काढले की द्यायचा. जीव तुटतो, नाय असं नाय. पण द्यायचा. पोर मागतेय, दे."

तरी चार दिवस गेले. रोज वाटायचं, उद्या.

काल तू ठेवून गेलेल्या संमतीपत्रावर सही केली. 'रुग्णाशी नाते' यापुढे पती असं लिहिलं. फार दिवसांनी लिहिलं ते. मग रोह्याच्या कुरिअरवाल्याकडे गेलो.

"काय हाय आत? लोणचं नाय ना?"

"नाय. मेण हाय."

त्याने पार्सल ओढलं तेव्हा माझा हात अजून त्यावरच होता. "काका, सोडा की," म्हणाला. सोडलं.

काम झाल्यावर उरेल ते, पूजा, कदाचित मी परत मागेन. तरी पाठवू नकोस.

तुझे,
बाबा