मोंढ्यातलं चालतं वजन

३ सप्टेंबर, मंगळवार

वही नवीन. कारण खाली.

किशनरावकाकांनी आज सांगितलं की दसऱ्यापासून ते काम थांबवणार. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान एकतीस वर्षांचं. मी तिथे चार वर्षं आहे. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, पहिला वर्ग. दुकान माझ्याकडे येईल, पण मोंढ्यानं मला मानलं तर. नाही तर नांदेडची एक पार्टी घ्यायला तयार आहे.

मानण्याची पद्धत अशी. दसऱ्याला नव्या सोयाबीनचा मुहूर्त असतो. पहिलं पोतं काट्यावर चढण्याआधी काका स्वतः चढतात आणि चढण्याआधी आपलं वजन मोठ्यानं सांगतात. अठ्ठावन्न. काटा अठ्ठावन्न दाखवतो, शेतकरी माना हलवतात, माप सुरू होतं. पुढे हंगामभर कोणाला शंका आली की काकांना बोलावून काट्यावर उभं करतात. इथल्या माणसाला स्वतःच्या पोराचं वजन माहीत नसेल, काकांचं असतं.

ही पद्धत अशास्त्रीय आहे, हे मी काकांना चार वर्षांत अनेकदा सांगितलं. आपल्याकडे शिक्क्याची प्रमाणित वजनं आहेत. काका म्हणतात, असू दे, पण लोखंडाला कोणी ओळखत नाही.

गेल्या वर्षी कावीळ झाल्यावर ते साडेछप्पन्न भरले. लोकांनी काटाच चुकीचा ठरवला. अर्धा दिवस माप बंद. म्हणून आता मी. सांगितलेला आकडा बदलायचा नाही, एवढाच नियम.

म्हणजे १२ ऑक्टोबरला सगळ्या मोंढ्यासमोर जो आकडा सांगेन, तो पुढची तीस वर्षं माझा. तर तो मीच निवडलेला बरा.

आजचं वजन ७२.६. निवडलेला आकडा ५९.९. दिवस ३९. रोज ३२६ ग्रॅम. अवघड नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ५:४०

मनगटावरचा बँड आला. सोबत अ‍ॅप. अ‍ॅपनं वजन कमी करण्याचं कारण विचारलं. पर्याय: लग्न, आरोग्य, आत्मविश्वास, इतर. 'इतर' निवडलं.

जेवणाच्या यादीत ज्वारीची भाकरी नाही. 'फ्लॅटब्रेड, लहान' आहे. आईच्या भाकरीचा व्यास मोजला. चोवीस सेंटिमीटर. एक फ्लॅटब्रेड, लहान, अशी नोंद केली. अ‍ॅपमध्ये सोय नाही, हा माझा दोष नाही.

८ सप्टेंबर, रविवार

ओट्स सुरू. आईनं वाटीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं की वासराला काढलंय का. आमच्याकडे वासरू नाही.

ओट्स १५० ग्रॅम. नंतर डब्यातले शेंगदाणे, मोजले नाहीत. मूठ हे प्रमाणित माप नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

योगिनीनं, म्हणजे पॉलिटेक्निकच्या मैत्रिणीनं, पुण्यातून फोटो टाकला. नऊ किलो कमी. खाली तीनशे लोकांचं कौतुक. तिनं मला मेसेज केला की रोज जाहीरपणे लिही, लोक बघतात म्हटलं की माणूस खोटं बोलत नाही.

तर्क मान्य. इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. नाव नाही, चेहरा नाही. रोज एक फोटो: काटा, त्याच्या आकड्यांवर पायाची बोटं, खाली लिहिलेला आकडा. मी कोण हे कोणालाही कळणार नाही याची पूर्ण काळजी घेतली आहे.

वजन ७२.४. डोक्यावर तेल होतं. लिहिताना ७२.० लिहिलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

घरातला काटा मीच दुरुस्त केलेला, दुकानात टाकून दिलेल्यांपैकी. आज लक्षात आलं की शहाबादी फरशी समतल नाही. स्वयंपाकघराजवळ ७२.३. देवळीखाली, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, ७२.०. दाराजवळ, जिथे फरशी हलते, तिथे ७१.२.

दाराजवळची फरशी प्रमाण मानली. इथून पुढे मोजणी कुठेही असो, हिशेब तिथलाच. सातत्य महत्त्वाचं.

१६ सप्टेंबर, सोमवार

दुकानातलं वीस किलोचं प्रमाणित वजन घरी आणून काटा तपासला. २०.० दाखवलं. दोनदा.

म्हणजे वीस किलोपर्यंत काटा बरोबर आहे. त्यापुढचं खात्रीनं सांगता येत नाही.

वजन उचलून आणताना जिन्यावर दम लागला. बँडनं त्याची 'तीव्र व्यायाम' अशी नोंद केली. बँड चांगला आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बोरीला एका व्यापाऱ्याचा काटा नीट करायला गेले. स्कूटीवरून. रस्त्याचं काम चालू आहे, खडी टाकली आहे. परत आले तर बँडवर १४,२१२ पावलं. चाललेलं अंतर: स्टँडपासून काट्यापर्यंत.

विचार केला. शरीराला धक्का बसतो, स्नायू तो सावरतात, त्यात ऊर्जा जाते. पावलं कोणी टाकली, हा प्रश्न गौण आहे. नोंद तशीच ठेवली. अ‍ॅपनं सोनेरी पदक दिलं. योगिनीनं टाळ्या पाठवल्या.

घरी आल्यावर भूक खूप. १४,२१२ पावलांच्या हिशेबानं दोन धपाटे बसत होते. दोन आणि अर्धा खाल्ले.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दिवस वाईट. भुजंगरावांच्या आडतीवर, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या पेढीवर, गेले होते. दसऱ्याचा मुहूर्त त्यांच्याच काट्यावर असतो. पन्नास किलोचं प्रमाणित वजन ठेवलं, काट्यानं ४९.६ दाखवलं. चारशे ग्रॅम कमी, म्हणजे प्रत्येक पोत्यामागे शेतकऱ्याचं नुकसान.

भुजंगरावांची कारणं, ज्या क्रमानं दिली त्या क्रमानं: फरशी उतरती आहे. हवा दमट आहे. व्होल्टेज कमी आहे. तुमचं वजनच झिजलं असेल. आणि शेवटी, चारशे ग्रॅमनं काय होतंय ताई.

मी काटा उघडला, जुळवला, पुन्हा वजन ठेवलं. ५०.०. सील लावलं. त्यांना स्पष्ट सांगितलं की काट्यावर दोष ढकलणारी माणसं मला सहन होत नाहीत.

घरी. सकाळचं वजन ७२.१. फरशी आणि कपडे वजा करून फोटोखाली ७०.१ लिहिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

दुरुस्तीची पद्धत निश्चित केली. काट्यानं दाखवलेल्या आकड्यातून फरशी, कपडे, प्यायलेलं पाणी, तापमान आणि बॅटरीची स्थिती वजा करायची. प्रत्येक मोजणीत थोडी अनिश्चितता असते, तीही वजा करायची. अनिश्चितता अधिकही असू शकते. पण दोन्हीकडे गेलं तर निष्कर्ष निघत नाही.

आज काट्यावर ७२.०. दुरुस्तीनंतर ६७.३. फॉलोअर्स १८६. एका अनोळखी बाईनं विचारलं की ताई, तुम्ही काय खाता. ओट्स, असं उत्तर दिलं. एकदा खाल्ले आहेत.

आई दारात बसून माझी दुरुस्ती बघत होती. मी चार वेळा उतरले, चार वेळा चढले, वहीत लिहिलं. ती म्हणाली,

"वजन कमी करायलीस का काटा नीट करायलीस?"

दोन्ही, असं सांगितलं. तिनं माझ्या सलवारीच्या नाडीकडे बोट दाखवलं. गाठ जिथे होती तिथेच हाय, म्हणाली. ती फरशीवर ठेवून मोजायची गरज न्हाई.

नाडी ताणली जाते. तिचं वाचन विश्वासार्ह नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र. आमच्या घरी उपवास नसतात, पण काकूंनी दुकानात सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी पाठवली. शेंगदाण्याचा कूट भरपूर, वर तूप. अ‍ॅपमध्ये 'उपवास' असा पर्याय आहे, तो निवडला. अ‍ॅपनं त्या जेवणाच्या शून्य कॅलरी धरल्या. अ‍ॅपच्या निर्णयात मी ढवळाढवळ करत नाही.

काकांनी विचारलं, आकडा ठरला का. ठरतोय, असं सांगितलं. ते म्हणाले की आकडा ठरवायचा नसतो, असतो. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. 

५९.९ आता शक्य दिसत नाही. ६४.८ हाही चांगला आकडा आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

भुजंगरावांच्या आडतीवर मुहूर्ताची तयारी बघायला गेले. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. माझं खातं. पाय माझे, फरशी माझी. विचारलं, हे तुमीच ना इंजिनेरबाई.

कसं ओळखलं, असं विचारलं. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. काट्याच्या खालच्या कडेला स्टिकर: किशनराव वजनकाटे, नवा मोंढा, परभणी. खाली दुकानाचा फोन नंबर. तो नंबर माझाच आहे.

एकोणतीस फोटो. एकोणतीस वेळा स्टिकर. मी रोज काट्याचा आकडा बोटांखाली नीट झाकलाय का, एवढंच तपासत होते.

ते म्हणाले की सगळा मोंढा बघतो. सूनबाईसुद्धा बघते. शेतकऱ्यांनाही दाखवलंय. कालचा आकडा साडेपासष्ट होता, दसऱ्याला पासष्टच्या आतच येणार, असं हमालांत बोलणं चाललंय. मग हसून म्हणाले की आपला काटा आता तुमीच जुळवलाय, तेवा काळजी न्हाई.

ओट्स आणले. तीन डबे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी, स्वयंपाकघराजवळ, पूर्ण कपड्यांसह: ७१.९. फरशी १.१, कपडे ०.९, पाणी १.५, तापमान ०.६, बॅटरी १.०, अनिश्चितता २.०. एकूण वजा ७.१. बाकी ६४.८. गणित बरोबर आहे. फोटो टाकला.

उद्याचे पर्याय.

एक. ६४.८ सांगायचं, काटा ७१.९ दाखवणार. काटा चुकला, असं मी म्हणायचं. मग मी जुळवलेला काटा चुकीचा, माप बंद, दुकान नांदेडला.

दोन. ६४.८ सांगायचं आणि काट्यानं ६४.८ दाखवायचं. हे अशक्य नाही. सील माझ्याकडे आहे, स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे. सात मिनिटांचं काम.

तीन लिहिला नाही.

दुपारी चार वाजता आडतीवर गेले. भुजंगराव म्हणाले, सावकाश बघा, आणि हार आणायला निघून गेले. झाकण काढलं. आतला स्क्रू बघितला. बाहेर बैलगाडीतून एक म्हातारे शेतकरी आधीच सोयाबीन घेऊन आले होते, उद्या पहिला नंबर लागावा म्हणून. पोत्यांवरच आडवे झाले होते. त्यांनी विचारलं, काटा ठीक हाय का बाई. झाकण बंद केलं. पन्नासचं प्रमाणित वजन ठेवलं. ५०.०.

ठीक आहे, म्हटलं. काट्याला हात लावण्याचं तांत्रिक कारण नव्हतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी ९:३०. काट्याला झेंडूचा हार, बाजूला आपट्याची पानं. माणसं अंदाजे दोनशे, मोबाईल अंदाजे दोनशे. काका पांढरा सदरा घालून बाजूला उभे. चप्पल काढली.

भुजंगराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बोला ताई. पासष्टच्या आत म्हनं तुमी."

कालचे म्हातारे पहिल्या पोत्यावर हात ठेवून उभे होते. मी म्हणाले,

"एक्काहत्तर किलो नऊशे."

हमालांत हसू पसरलं. भुजंगरावांनी मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काट्यावर चढले. आकडे थोडे हलले, थांबले.

७१.९.

हसू बंद झालं. म्हातारे पुढे आले, आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. पोरगी खरं सांगायली, म्हणाले. पहिलं पोतं चढलं.

आकडा मला इतका नेमका कसा माहीत होता, हे कोणी विचारलं नाही. बरं झालं.

काकांनी दुकानाची किल्ली आपट्याच्या पानासकट हातात ठेवली. म्हणाले की दुकान तुझं. मग हळू आवाजात: "आता एवढंच ठेव. कमी न्हाई, जास्त न्हाई."

संध्याकाळी ७:१०

अ‍ॅप काढून टाकलं. जाताना त्यानं विचारलं की ध्येय पूर्ण झालं का. पर्याय दोनच होते. काहीच निवडलं नाही. खात्यावर शेवटचा फोटो टाकला: ७१.९, दुरुस्ती शून्य. योगिनीनं विचारलं की सात किलो एका दिवसात कसे वाढले.

विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना झाली. खीर होती. फक्त एक वाटी घेतली. एकोणचाळीस दिवसांत पहिल्यांदाच खरंच एक.

घरी येऊन काट्यावर उभी राहिले. दाराजवळची फरशी नाही, स्वयंपाकघराजवळची. ७१.५. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. ७१.५. वीसचं वजन ठेवून काटा तपासला. बरोबर आहे.

चारशे ग्रॅम कमी. सोमवारी पोखर्णीचे शेतकरी येणार आहेत आणि मला काट्यावर उभं करणार.

आईनं घरी केलेल्या खिरीची वाटी मागितली. तिनं पातेलंच पुढे ठेवलं. मोजून घेतली. चारशे ग्रॅम.