शांत जागा

प्रिय विनूताई,

पत्र बघून घाबरू नकोस. इथे शिबिरात मोबाईल जमा करून घेतात, म्हणून कागद. डोंगर मस्त आहे. एक बोकड रोज माझ्या तंबूची दोरी चावायला येतो, त्याला मी मनोजभावोजी म्हणतो. रागावू नकोस, दाढी तशीच आहे.

काय सांगत होतो? हां, उपचार. पहिल्या दिवशी सुचेता मॅडमनी एकेकाला बसवून प्रश्न विचारले, तू होतीस ना बाजूला. त्यावरून ज्याचा त्याचा उपचार वेगळा. रीमा माणसांत घाबरते, तिला आधी झाडांना पाणी, मग हळूहळू चुलीजवळ सगळ्यांत. हिरामणचं डोकं भडकतं, म्हणून चढणीवर त्याने सगळ्यांच्या मागे राहून दमलेल्यांना सांभाळायचं. आणि मी वरच्या पठारावर, झाडाखाली, एकटा. कारण झोप का येत नाही विचारलं तेव्हा माझ्या आधी तूच म्हणालीस, आमच्या कामतघरच्या वस्तीत कोणाला येते मॅडम, दिवसरात्र कापडाच्या लूमची खटाखट, त्याला जरा शांतता द्या. तुझं चुकलं नाही गं. आपल्या गल्लीतला कोणीही हेच म्हणाला असता. मीपण मान हलवली.

पण ताई, खटाखट चालू असली की मी झोपायचो, पाळण्यात होतो तेव्हापासून. बंद झाली की आई दारात यायची, आठवतं? लाइट गेली असेल, नाहीतर कोणाचा हात गेला असेल. आबा लूमवर कोसळले तेव्हा कोणीतरी मेन स्विच पाडला आणि अख्खा कारखाना गप्प झाला. मी बाहेर वडापाव खात होतो. कोणी हाक मारायच्या आधीच मला कळलं. त्या झाडाखाली तेच चालायचं. पान हललं नाही की आबा पुन्हा पडायचे.

मग मॅडमनी पाहिलं, मी लूमच्या ठेक्यात दगडावर दगड आपटत बसलोय. ओरडल्या नाहीत. शेजारी बसून सगळे प्रश्न पुन्हा विचारले, घाई न करता, आणि म्हणाल्या, प्रितेश, आम्ही तुला चुकीच्या जागी बसवलं रे. आता ओढ्यावर भांडी घासायची ड्युटी आहे, हिरामण सतत सोबत. ओढा बडबडा आहे. काल जरा डोळा लागला. पण बरं वाटतंय असं नाही लिहिणार. आतलं तसंच आहे, भिजलेल्या ताग्यासारखं जड. सकाळ झाली की वाटतं, झाली का परत.

त्या प्रश्नांत एक होता, जगू नये असं वाटतं का? तेव्हा मी म्हणालो, मॅडम, आधी जेवण तर होऊ द्या, आणि तू हसलीस. दुसऱ्यांदा तू नव्हतीस. मी हो म्हणालो. घरी कोणी सांगायचं, असं मॅडमनी विचारलं. म्हटलं, मीच लिहितो. तर लिहिलं. रविवारी घरच्यांना बोलावलंय. ये. रडलीस तरी चालेल. शिव्या दे, तुझ्या कामावरच्या, वडप्याच्या गोडाऊनमधल्या भानगडी सांग, भावोजींची गाऱ्हाणी कर. फक्त हे वाचून गप्प बसू नकोस.

तुझ्या आवाजाची वाट बघणारा,
तुझाच प्रितेश