वाळवंटातल्या एकांतासाठी अकरा माणसं

प्वेब्लो, कोलोरॅडो
फेब्रुवारीअखेर, रविवार

प्रिय लवॉनताई,

धाकट्या ऑरिनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डुलुथला अजून बर्फ असणारच. दारापुढचा बर्फ स्वतः उपसू नकोस असं लिहिणार होतो, पण ते वाचून तू मुद्दाम फावडं हातात घेशील, म्हणून लिहीत नाही. कुत्र्याचा दात काढला का? इकडे ग्लेंडा मजेत आहे. मीही बरा आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय आणि ग्लेंडाने ते इतकं मनावर घेतलंय की हल्ली आमच्या घरात उकडलेलं अंडंसुद्धा केविलवाणं दिसतं. मागे फोनवर तू विचारलंस, "त्या सहलीचं काय झालं?" आणि मी "चाललंय" म्हणून फोन ग्लेंडाच्या हातात दिला. काय चाललंय ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आता सविस्तर लिहितो. कॉफी घेऊन बस.

ग्लेंडा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली हे तुला ठाऊक आहेच. निरोप समारंभात केक कापून झाल्यावर मी सगळ्यांसमोर (चार लोक बघत असले की मी उदार होतो) विचारलं, बोल, तुला काय हवं? मला वाटलं, नवा ओव्हन मागेल. ती म्हणाली, "यूटातल्या त्या दगडी कमानी बघायच्यात. आणि आसपास कुणी नको. आयुष्यभर पोरांचा कलकलाट ऐकला, आता थोडी शांतता ऐकायची आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नकाशा आणला. एप्रिलमध्ये निघायचं, डोंगर ओलांडून आधी त्या कमानींचं उद्यान आर्चेस, मग कॅपिटल रीफ, ब्राइस, झायन, आणि वाटेत जिथे दिवस मावळेल तिथे तंबू ठोकायचा. वाळवंट म्हणजे रिकामी जागा अशी माझी समजूत होती. ती माझी एकट्याची नसावी, कारण अख्खा देश त्याच समजुतीने तिथे जातो.

हे मला शेजारच्या रॉइसने सांगितलं. रॉइस म्हणजे तो निवृत्त पोस्टमन, नाताळात फोनवर तुला ज्याने केळीच्या ब्रेडवर व्याख्यान दिलं होतं तो. त्याने सगळी राष्ट्रीय उद्यानं पाहिली आहेत, आणि त्याचं बोलणं ऐकून वाटतं की ती त्यानेच शोधून काढून देशाला भेट दिली. कुंपणावरून माझा नकाशा बघून तो बराच वेळ हसला. "दिवस मावळेल तिथे तंबू?" तो म्हणाला. "अरे ऑरिन, एप्रिलमध्ये तिथे सरड्यालासुद्धा उन्हात बसायला नंबर लावावा लागतो." मी म्हटलं, तू काहीही सांगतोस. त्यावर त्याने मला ऑक्टोबरात स्वतःच्या ट्रकमधून आर्चेसला नेलं, फक्त मला खोटं पाडायला. (जाता-येता सगळा वेळ तो बोलत होता. डोंगर लागले तेव्हा मला बोगद्यांचा आधार वाटला, कारण बोगद्यात तो खिडकी वर करतो आणि तेवढ्यापुरता गप्प बसतो.)

ताई, उद्यानाच्या दारापासून हमरस्त्यापर्यंत गाड्यांची रांग होती. आत शिरलो तर गाडी लावायला जागा नाही. आम्ही कमानीकडच्या वाहनतळाला पाच घिरट्या घातल्या. आमच्यापुढे एक निळी गाडी तशीच घिरट्या घालत होती, शेवटी आम्ही एकमेकांकडे बघून ओळखीचं हसायला लागलो. जागा मिळाली तेव्हा रॉइसला घाई लागली होती, म्हणून आधी संडासाच्या रांगेत उभे राहिलो. ती रांगही आपल्या काउंटीच्या जत्रेत असते तेवढी. माझ्यापुढे टेनेसीचे एक आजोबा होते, सहा नातवंडं घेऊन आलेले. त्यांनी मला संत्र्याच्या फोडी दिल्या, मी त्यांना आमच्या हिरव्या मिरचीचा रस्सा कसा करतात ते सांगितलं, आणि त्यांचा एक फोटो काढला (त्यात माझा अंगठा आलाय, पण आजोबा म्हणाले, असू दे, ओळख राहील). एवढ्यात वारा सुटला, वाळू उडायला लागली, सगळे गाड्यांकडे पळाले, आणि आम्ही कमान न बघताच परत फिरलो. म्हणजे मी यूटाला जाऊन संडासाची रांग बघून आलो. घरी येऊन ग्लेंडाला सांगताना मात्र माझ्या लक्षात आलं की मी निम्मा वेळ त्या आजोबांबद्दलच बोलत होतो. तीही म्हणाली, "तू चर्चमध्येसुद्धा इतकं बोलत नाहीस."

पुढचा पराक्रम माझा एकट्याचा आहे. उद्यानात तंबूची जागा आगाऊ राखून ठेवावी लागते, संगणकावर, आणि ठरलेल्या वेळी दार उघडलं की क्षणात सगळ्या जागा संपतात. मी आयुष्यभर शेतातले पंप दुरुस्त केले, मला वाटलं बटणाला काय घाबरायचं. ठरल्या सकाळी मी आंघोळ करून संगणकापुढे बसलो, ग्लेंडा मागे उभी, रॉइस कुंपणावरून सूचना देतोय. वेळ झाली. हिरवे चौकोन दिसले, मी दाबेपर्यंत पांढरे झाले. दुसरा दाबला, पांढरा. तिसरा, पांढरा. शेवटी एकच हिरवा उरला, त्यावर मी अशी झडप घालून बोट ठेवलं की चष्मा खाली पडला. "मिळाली" असं पडद्यावर आलं. ग्लेंडाने माझ्या टकलाचा मुका घेतला. मग मी चष्मा उचलून नीट वाचलं. ती जागा जथ्यासाठी होती. शाळेच्या सहली, स्काउटची मुलं वगैरे जिथे उतरतात ती. आणि खाली ठळक लिहिलं होतं की कमीत कमी अकरा माणसं असल्याशिवाय तिथे उतरता येणार नाही.

ग्लेंडा खुर्चीवर बसली. मी म्हटलं, रद्द करतो. ती म्हणाली, "रद्द केलीस तर दुसरी कुठे आहे?" कुठेच नव्हती. मग ती उठली, एप्रन बांधला, आणि म्हणाली, "बरं. नऊ माणसं शोधायला हवीत." शाळेत एखाद्या दिवशी अचानक जास्तीची पोरं जेवायला आली की ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात.

पहिला अर्थातच रॉइस. त्याला विचारावंच लागलं नाही. "आपण" म्हणायला त्याने आधीच सुरुवात केली होती. मग ग्लेंडा चर्चच्या गायनवृंदाकडे गेली. त्यांच्या प्रमुख विनिफ्रेडबाई, वय एक्याऐंशी, स्वरात चुकलं की वहीने डोक्यात मारतात. त्या म्हणाल्या, "मी येईन, पण माझ्याबरोबर माझ्या चौघीजणी येतील, आणि कमानीखाली आम्ही गाणार." म्हणजे ग्लेंडाची शांतता गेली ती थेट चार सुरांत. मग माझ्या जुन्या दुकानातला सायलस आणि त्याची बायको. (सायलस घोरतो. दुकानात दुपारी तो झोपला की गिऱ्हाइकं विचारायची, कुठला पंप सुरू आहे.) आमचे दातांचे डॉक्टर सहकुटुंब यायला तयार झाले होते, पण रॉइसने त्यांना विंचवांबद्दल माहिती दिली आणि ते परत फिरले. ग्लेंडाने रॉइसला आठवडाभर पाय दिला नाही. म्हणजे बनाना पाय, केळी घालून केलेला गोड पदार्थ, तो फक्त आमच्याकडेच मिळतो, तेव्हा शिक्षा कडक होती.

गेल्या शनिवारी आम्ही चर्चच्या हिरवळीवर रंगीत तालीम केली. सगळ्यांनी आपापले तंबू आणले. विनिफ्रेडबाईंचा तंबू त्यांच्या वडिलांच्या काळातला निघाला. तो उघडला तेव्हा आतून उंदरांचं एक कुटुंब बाहेर पडलं आणि चौघी गायिकांनी जो सूर लावला तो म्हणे वर्षानुवर्षांच्या तालमीत लागला नव्हता. मग वारा आला. प्वेब्लोचा फेब्रुवारीतला वारा तुला माहीत नाही. सायलसचा तंबू उडून पाद्रींच्या गाडीवर बसला आणि सायलस दोर धरून त्याच्यामागे फरफटत गेला, पण सोडला नाही. शेवटी सगळे तंबू तसेच टाकून चर्चच्या तळघरात बसून आम्ही ग्लेंडाने केलेला मिरचीचा रस्सा आणि मक्याचा ब्रेड खाल्ला. रस्सा एवढ्या माणसांना पुरेल असा होता, म्हणजे त्यात मीठ होतं, म्हणजे मलाही मिळालं. विनिफ्रेडबाई सायलसची नक्कल करत होत्या. ग्लेंडा भांड्याशी उभी राहून डोळे पुसत हसत होती, आणि मोठ्या डावाने वाढत होती, आणि मी बघत होतो. निवृत्त झाल्यापासून तिला मी असं पाहिलं नव्हतं. घरी येताना मी विचारलं, "शांततेचं काय?" ती म्हणाली, "पहाटे तासभर मिळेल की. रॉइस उठायच्या आत."

तर असं चाललंय. आता तू म्हणशील (नाताळात म्हणाली होतीस) की रांगेत उभं राहायला इतक्या लांब कशाला जायचं, आपल्या किराणा दुकानात रांग नाही का. ते खरंच आहे. मी तुझ्याशी वाद घालत नाही, कधीच घातलेला नाही. स्वतःला जप. घर फार मोठं वाटायला लागलं की फोन कर. दिवसाही केलास तरी चालतो.

तुझा,
ऑरिन

ता. क. - मोजून बघितलंस तर कळेल की आम्ही दहाच आहोत. आणखी एक गोष्ट अशी की दहा माणसांसाठी आम्ही एक लांबलचक व्हॅन भाड्याने ठरवली आहे आणि ती चालवणारं कुणी नाही. रॉइसने नमुना म्हणून मागे घेऊन दाखवली, तर आता चर्चची टपालपेटी रस्त्याला समांतर झाली आहे. तू डुलुथच्या त्या उतारांवर, बर्फात, पोरांनी भरलेली शाळेची बस इतकी वर्षं चालवलीस आणि एकदाही कशाला घासली नाहीस. नॉर्बर्टभावजी गेल्यापासून तू म्हणतेस की आता कुठे जायचं नाही. मी काही म्हणत नाही. फक्त व्हॅनला ड्रायव्हर नाही एवढं कळवतो. तू आली नाहीस तर आमची जागा जाईल आणि विनिफ्रेडबाई मला वहीने मारतील.

ता. ता. क. - तुझ्याशी खोटं बोलवत नाही. तू आली नाहीस तरी आम्हा दोघांपुरती सोय मी करू शकलो असतो. परवा संध्याकाळी संगणक उघडला तर एक हिरवा चौकोन होता. दोघांपुरती जागा, कड्याच्या आडोशाला, शेजारी कुणी नाही, अगदी ग्लेंडाने मागितली होती तशी. मी घेतली. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला. ती विनिफ्रेडबाईंशी फोनवर कांदे किती न्यायचे यावर भांडत होती आणि मधेच खिदळत होती. मी कॉफी संपेपर्यंत बसलो आणि ती जागा सोडून दिली. ग्लेंडाला हे कळता कामा नये. तेव्हा अकराव्या माणसाची गरज आहे ती नुसती नियमासाठी नव्हे. तू ये.

लवॉनवन्सं, ग्लेंडाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ती कड्याखालची जागा मला त्याच दिवशी सकाळी मिळाली होती. दुपारपर्यंत ठेवली आणि परत केली. यांना संध्याकाळी मिळाली ती तीच असणार. यांना सांगू नका, फार फुशारतील. तुमची खोली झाडून ठेवली आहे, कुत्र्यालाही आणा. ऊन कडक असतं, तेव्हा भावजींची ती रुंद काठाची टोपी घालून या.