लागू पडलेला चष्मा

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू हसशील, की बाबांना फोन नावाची वस्तू माहीत नाही का. माहीत आहे. पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला गुंडाळतेस आणि मीही आनंदाने गुंडाळून घेतो. म्हणून आज दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलंय आणि डोळे तपासायच्या खुर्चीत मीच बसून लिहितोय. अक्षर मुद्दाम ठसठशीत काढलंय, काळ्या शाईने.

घरचं म्हणशील तर आईचा गुडघा कुरकुरतोय आणि ती माझ्यावर कुरकुरतेय. दुकानात नवं यंत्र आलंय. हनुवटी टेकवली की ते आपलं आपणच नंबर सांगतं, त्यामुळे डोळे मिचकावू नका एवढं म्हणण्यापुरताच मी उरलोय. गिऱ्हाइकं अजून मला हात जोडतात, यंत्राला नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

जावईबापूंचा फोन आला होता. मी सांगितलं असं सांगू नका, म्हणाले, पण ते मला जमायचं नाही. त्यांच्यावर चिडू नकोस. फ्रिजमध्ये भाजीच्या खणामागे त्यांना तुझ्या इंजेक्शनांची तीन खोकी सापडली, सील न तोडलेली. म्हणजे तीन महिने. त्यांनी विचारलं तर तू म्हणालीस, पाय आता ठीक आहे, छापखान्यात आठ तास उभी राहते, मग धडधाकट बाईने मांडीत सुया कशाला टोचून घ्यायच्या? वर हेही म्हणालीस, की शरीर आपलं आपण सावरतं, एकोणिसाव्या वर्षी माझा डोळा नाही का बाबांच्या चष्म्याने बरा झाला, एकही सुई न टोचता? हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

पाय ठीक आहे म्हणतेस, पण गेल्या खेपेला तुझे बूट दारात होते ते मी उचलून पाहिले. डावा टोकाशी झिजलाय, उजवा नाही. संध्याकाळी दमलीस की तो पाय अजून घासतो. तीन वर्षांपूर्वी छापखान्याच्या जिन्यावरून पडलीस, दीड महिना अंथरुणाला खिळलीस आणि मग उठलीस, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की आजाराला उतार पडलाय. आपण तिघं किती हरखलो होतो! उतार पडला म्हणजे संपला, असंच मी धरून चाललो.

परवा मी एकटाच तुझ्या डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी कागदावर एक रेघ काढली. झटका आला की रेघ खाली कोसळते, काही आठवड्यांनी वर चढते, पण दर वेळी पहिल्या उंचीला पोचतेच असं नाही, थोडी खालीच थांबते. मग सपाट चालते, महिने, कधी वर्षंसुद्धा. त्या सपाट काळात बाहेरून सगळं छान असतं आणि आत मेंदूत, मज्जातंतूंवरचं आवरण खरवडून, नवे डाग पडत असू शकतात. इंजेक्शनं गेलेलं परत आणत नाहीत, ती पुढचे झटके कमी करतात. म्हणून ती बरं वाटत असतानाच घ्यायची असतात. आपल्याकडे ताप उतरला तरी उतार आणि रस्ता खाली निघाला तरी उतारच. मी इतकी वर्षं पहिल्यावरच खूश होतो.

आता तुझ्या एकोणिसाव्या वर्षाकडे येतो. परीक्षेला आठ दिवस होते. उजव्या डोळ्यापुढे धुरकट काच धरल्यासारखं दिसतंय, म्हणालीस. डोळा फिरवला की आत ठणकतो, तुझी लाल ओढणी त्या डोळ्याने विटकरी दिसते, कढत पाण्याने आंघोळ केली की आणखी अंधारतं. याच खुर्चीत बसवलं तुला. एकामागून एक सगळ्या काचा लावून पाहिल्या, तू म्हणत राहिलीस की फरक नाही, फरक नाही. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणी पास होऊन पुढे जातील आणि ही राहील, एवढंच माझ्या डोक्यात. शेवटी मी चष्मा करून दिला. तीन आठवड्यांत तुला स्वच्छ दिसायला लागलं. बाबांचा चष्मा लागू पडला, असं तू अख्ख्या नात्यागोत्यात सांगत सुटलीस आणि मी कॉलर ताठ करून ऐकत राहिलो.

मग चोविसाव्या वर्षी कमरेखाली मुंग्या आल्या. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, याआधी असं काही, डोळ्याचं वगैरे? तू माझ्याकडे पाहिलंस, कारण डोळ्यांचं खातं माझं. मी म्हणालो, थोडा नंबर होता, चष्म्याने गेला. त्यांनी तसंच लिहून घेतलं. पहिलाच झटका आहे, वाट पाहू, म्हणाले. आपण तीन वर्षं वाट पाहिली, आणि तिसऱ्याच्या शेवटी तो जिना आला. दुसरा झटका आहे हे तेव्हा कळतं, तर औषध तिथूनच सुरू झालं असतं, हे परवा त्यांनीच सांगितलं. कदाचित पाय वाचला असता, कदाचित नसताही. हे कदाचित आता मला जन्मभर पुरेल.

ठमे, तुला नंबर नव्हता. कसलाच नव्हता. मी तपासून चकित झालो आणि मग चिडलो. माझी मुलगी परीक्षा चुकवायला सोंग करतेय, अशी माझी खात्री झाली. तू केलेल्या प्रत्येक तक्रारीत मला सोंगच दिसलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं सोडून मी तुझी खोड मोडायला साध्या काचा बसवल्या, खिडकीला असतात तशा. तू बरी झालीस तेव्हा मला वाटलं, पकडली चोर. आणि त्या मोठ्या डॉक्टरांसमोर हे कबूल करायची मला लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. आज सकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती आत गेली, मी दुकानात यायला निघेपर्यंत बाहेर आली नाही.

तेव्हा तुझा डोळा माझ्या चष्म्याने बरा झाला नव्हता. तो आजाराचा पहिला झटका होता आणि ते बरं होणं हा पहिला उतार. ज्याच्या भरवशावर तू खोकी बंद ठेवली आहेस, ते माझं खोटं आहे. तुझ्या डॉक्टरांना मी परवा हे सांगून आलोय, त्यांनी मंगळवारी बोलावलंय. मधे सुया कशा सुरू करायच्या ते त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव, कितीही वेळ लाव. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं तुला आता काही कारण नाही, हे कळतं मला. म्हणून एवढं कर. तो चष्मा तू शकुनाचा म्हणून खणात जपून ठेवला आहेस, तो काढ. डोळ्यांवर लाव आणि ही ओळ वाच. मग उतरवून ठेव आणि हीच ओळ पुन्हा वाच.

तुझाच,
बाबा