एकदाच विचारतात

२ नोव्हें., रविवार
मिलिंदला सुट्टीवर येऊन तीन आठवडे झाले, पण इंग्रजी प्रवासी बोटीवर वाढपी असलेला माझा नवरा अजून बोटीवरून उतरलेला नाही. आज म्हणे 'संडे रोस्ट'. सकाळपासून मला माझ्याच स्वयंपाकघरात बंदी. अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये, सोबत बटाटे, उकडलेली गाजरं आणि यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग म्हटल्यावर मी गोड समजून बसले होते. निघालं मैदा-अंड्याचं वाटीसारखं घावन, तेही फुगलं नाही. दोष आमच्या ओव्हनला. कोंबडीला मीठ-मिरीपलीकडे काही नाही. मी गुपचूप लोणचं घेतलं तर म्हणतो, ग्रेव्ही आहे ना.

जेवताना आईचा फोन. परवा मोरीत घसरली, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. परवा पडली आणि आज सांगते! शेजारची मालन भाकरी करून देते म्हणे. मालगुंडात ती एकटी, भाऊ विरारला एका खोलीत चौघं. आता तिला इथेच आणायचं, कायमचं. पण माझ्या शब्दावर ती यायची नाही. लेकीच्या घरी राहायचं तर जावयाने मागे लागायला हवं, ही तिची रीत. तोवर घराबाहेर पाऊल नाही. मि.ला म्हटलं, शनिवारी चल आणि तू सांग. 'त्यात काय, सांगतो' म्हणाला. सुटले एकदाची.

५ नोव्हें.
मिरजोळ्याहून, कामावरून दमून आले तर खालच्या सावंतकाकू जिन्यातच उभ्या. 'घरात दूध नव्हतं का गं?'
झालं असं. चार वाजता साहेबांचा चहा. किटली वेगळी, दूध वेगळं, काकडीची सँडविचेस, त्यांच्या कडा कापलेल्या. (कडा मी रात्री फोडणीला टाकल्या.) तेवढ्यात काकू टेकल्या. ह्याने विचारलं, चहा घेणार? त्या नको म्हणाल्या. हा 'बरं' म्हणाला आणि त्यांच्यासमोर बसून एकटा प्यायला!
मी डोक्याला हात लावला. तर उलट मलाच, 'मी विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या.'

८ नोव्हें., शनिवार
लिहायलाही नको वाटतंय.
मालगुंडला पोचलो. आई दारातच. डाव्या हाताने जयभीम केला. मालनला हाताशी धरून कोंबडी-वडे केले होते. दाराआड पिशवी भरून ठेवलेली, वर चष्म्याचं घर, औषधांची डबी. म्हणजे ती तयार होती.
जेवताना मि.ने छान विचारलं हो. अगदी बोटीवर विचारतो तसं, पाठ ताठ करून. 'आई, तुम्ही आमच्याकडे राहायला याल का? आम्हाला आनंद होईल.'
आई पदर सावरत म्हणाली, 'नको हो जावयबापू. माजा हय बरा चाललाय. कशाला तुमाला तरास.'
आता म्हणायचं, त्रास कसला, मी पिशवी उचलूनच नेतो. एवढंच. कुणीही म्हटलं असतं.
हा म्हणाला, 'बरं. जशी तुमची इच्छा.' आणि आणखी एक वडा घेतला.
आई उठून आत गेली. भांडी वाजली नुसती. मी मध्ये पडले तर म्हणाली, तू गप ऱ्हा.
परत येताना आरे-वारेच्या घाटीत गाडी थांबवून भांडले. खाली एवढा समुद्र आणि आम्ही बोंबलतोय. त्याचं एकच, 'नाही म्हटल्यावर नाही. त्यांचा मान ठेवला मी.' मान! पालथ्या घड्यावर पाणी.

९ नोव्हें.
अबोला. दुपारी तोच आपणहून बोलला. अकरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.
पहिल्या बोटीवर त्याच्या टेबलाला एक म्हातारी एकटीच असायची. पहिल्या रात्री तिने बटाटे नको म्हटले. ह्याला वाटलं लाजते, त्याने वाढले. पुन्हा नको, पुन्हा चमचाभर. ती काटा-चमचा ठेवून उठून गेली. ह्याची लेखी तक्रार झाली. साहेबाने सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, पाहुण्याला एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या अंगावर जाणं. 'केबिनमध्ये रडलो मी. माझ्या आईने शिकवलं होतं तेच केलं होतं ना.'
वाईट वाटलं. खूप वाटलं. तेवीस वर्षांचं पोर, घरापासून इतकं लांब... पण मग आग्रह केला म्हणून माझी आई काय त्या म्हातारीसारखी उठून जाणार होती? तिची पिशवी भरलेली होती! हे म्हटलं तर म्हणतो, 'मला पिशवी दिसली नाही.' बोटीवर कुणाच्या ताटात सुरी वाकडी असली तरी ह्याला दिसते.

१३ नोव्हें.
आईला फोन. म्हटलं, ह्यांचं मनावर घेऊ नकोस.
'मी कशाला घेव? त्यांनी रीत पाळलानी. एकदा इचारून सोडलानी, त्यात काय ता मी समाजले.'
म्हणजे तिला वाटतं, त्याला ती नकोच आहे. तोंडदेखलं विचारलं. त्याला वाटतं, त्याने तिचा मान राखला. दोघंही सभ्य, आणि मधल्यामध्ये माझा जीव जातोय.
मि.ला सांगितलं. हातातला कप धुतलेलाच पुन्हा धुतला. मग म्हणाला, परवा शनिवारीच जाऊ. पण ह्या शनिवारी मला सुट्टी नाही. पुढचा शनिवार ठरला. १ डिसें.ला त्याला जॉइन व्हायचंय, नाताळची सफर.

१८ नोव्हें.
तालीम. मी आई, तो तो.
'आई, चला आमच्याकडे.'
'नको हो.'
'बरं— सॉरी.'
पुन्हा. दुसऱ्यांदा विचारताना घाम फुटतो त्याला. तिसऱ्यांदा तर आवाजच येईना. नाताळच्या जेवणात चारशे लोकांच्या डोक्यावर कागदी मुकुट घालून हसत फिरतो हा माणूस, आणि सासूला 'चला' म्हणता येत नाही. चिडले, मग हसू आलं, मग परत चिडले.

२२ नोव्हें., शनिवार
पुन्हा मालगुंड. जाताना ह्याने डबा केला. केजरी. आपलीच खिचडी इंग्रजाने उचलली, मासा-अंडं घालून नाश्त्याला बसवली. तिकडे धुरावलेला मासा, इथे सुका बांगडा. सगळी बिल्डिंग घमघमली.
आत शिरताच दाराआड बघितलं. केरसुणी. पिशवी नाही.
मि.ने स्वतः वाढलं. आईने एक घास घेतला, 'खिचडीत बांगडा? इंग्रेज खातत ह्या?' पण संपवलं. त्याने विचारलं, अजून? ती नको म्हणाली. आणि ह्याने चमचा पुढे केला, आणि वाढला! आई खाली मान घालून जेवली. मला वाटलं, जिंकलो.
मग त्याने विचारलं. नको म्हणाली. पुन्हा विचारलं. नको. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला, पण विचारलं, 'आई, चला ना. मला हवंय तुम्ही यावं.'
तिने त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाली, 'आता नको, बाबा.'
जावयबापू नाही. बाबा.
गाडीत मि.ने विचारलं, 'हा कुठला नको?' मला सांगता येईना. इतके दिवस त्याला शिकवत होते मी.

३० नोव्हें.
गेला. मुंबईहून रात्रीचं विमान. गाडीत बसताना म्हणाला, मी करतो फोन त्यांना. मी म्हटलं, कर. जास्त बोलले नाही. दारात उभं राहून बडबडायची सवय नाही आम्हाला.
घर रिकामं. ओव्हनवर फडकं टाकलं.

१० डिसें.
मालन सांगत होती, आई हल्ली दुपारी फोन मांडीवर घेऊन बसते. बोट बंदराला लागली की मि. फोन करतो. काय बोलतात? म्हणे तो विचारतो, येताय ना, ती म्हणते नको, मग हात कसा आहे, तुमच्याकडे थंडी किती. दर वेळी तेच. बोटीवर हे कुणाला कळलं तर पुन्हा तक्रार व्हायची त्याची.
मला काही सांगत नाही दोघं. मी कोण.

१७ डिसें.
प्लॅस्टर निघालं. हात अजून वळत नाही, पाण्याची कळशी उचलत नाही. मालन म्हणाली, आईने माळ्यावरची पिशवी काढून मागितली. आईला विचारलं तर, 'वास लागलावता तिला. ऊन दाखवतंय.'
म्हटलं, शनिवारी रिक्षा घेऊन येऊ?
'नको,' म्हणाली.
शनिवारची रिक्षा सांगून ठेवली आहे.