बायसन आर आणि आईचा ओटा

१४ डिसेंबर, सकाळी ६.१०
ठरलं. ‘बायसन आर’ पिकअप घ्यायची. ही वही फक्त त्यासाठी. घरात कोणाला दाखवायची नाही, कारण घरात सस्पेन्शन कोणाला कळत नाही.
होळीला काठी गावी जायचं ते याच गाडीतून. धनसिंगला शब्द दिलाय. हॉस्टेलचा माझा पार्टनर, आता तिकडेच सातपुड्यात मास्तर आहे. शब्द चार वर्षांपूर्वीचा, पण शब्द म्हणजे शब्द. दर वर्षी होळीच्या तोंडावर नवं मॉडेल येतं आणि जुनं घेणं मूर्खपणाचं ठरतं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

१७ डिसेंबर
तुलना सुरू. २०२३: पस्तीस इंची टायर, साडेचारशे हॉर्सपॉवर. २०२४: इंजिन तेच, पण शॉकअप बदलले. दगडधोंड्यांवरून लोण्यासारखी जाते. निकाल: २०२४.
बायकोने विचारलं, यातून मिरची नंदुरबारला नेता येईल का. चेतनाला समजावलं की ही ओझ्याची गाडी नाही. मग पिकअप कशाला, म्हणाली. शाळेत शिकवून शिकवून तिला प्रश्नांची सवय लागली आहे.

२८ डिसेंबर
गल्ली मोजली. २०२४ आपल्या दारात वळत नाही, नऊ इंच कमी पडतात. आईचा ओटा एक फूट मागे घेतला. संध्याकाळी ती तिथे बसते, पण एका फुटाने बसण्यात काय फरक पडतो?

९ जानेवारी
२०२५ चे डिटेल्स वाचले. सदतीस इंची टायर, सातशे हॉर्सपॉवर आणि रुंदी पाच इंच जास्त. निकाल बदलला. ओटा आणखी एक फूट.
आईने शांतपणे विचारलं, “ओटा त तोडी ऱ्हायना भाऊ, पन गाडी कव्हय येई?” म्हटलं, आधी पाट मांडतात, मग पाहुणा बसतो.

१८ जानेवारी
सुरतेला जाऊन आलो. परदेशी गाड्यांचं शोरूम. सेल्समनला तिन्ही मॉडेलांतला फरक दीड तास समजावला. त्याने लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, बायसन आर ते ठेवत नाहीत, पण मला तिथे नोकरी करायची असेल तर साहेबांशी बोलतो. अभ्यासाला दाद मिळाली. परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, तरी काही वाटलं नाही.

१ फेब्रुवारी
धनसिंगचा फोन. त्याचे वडील, नवलसिंगबाबा, यंदा होळीला शेवटचे नाचणार. कमरेला घुंगरू आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, त्याआधी कितीतरी दिवसांची पाळणी, म्हणजे कडक व्रत. गुडघे गेले, पुढच्या वर्षी जमणार नाही. म्हणाला, या वेळी नक्की ये.
म्हटलं, येतोच. बायसन आर घेऊन. तो म्हणाला, नुसता आलास तरी चालेल. भिडस्त स्वभाव.

८ फेब्रुवारी
गाडी येईपर्यंत हात बसवून ठेवावा म्हणून चेतनाची स्कूटी आमच्या प्रकाशा गावाखालच्या तापीच्या वाळूत घातली. व्हिडिओत सांगतात तशी टायरची हवा कमी केली. दहा पावलांत चाक रुतलं. देवदर्शनाला आलेल्या पाच बायांनी ढकलून बाहेर काढली. एकीने विचारलं, कसला नवस होता? टेक्निक बरोबर होतं, वाहन चुकीचं होतं.

२० फेब्रुवारी
मोठी बातमी. २०२६ चं मॉडेल दोन मार्चला संध्याकाळी ऑनलाइन दाखवणार. नेमका होळीचा दिवस. अशा वेळी २०२५ बुक करणं म्हणजे घोडचूक. नवी किती रुंद असेल सांगता येत नाही, म्हणून उरलेला ओटा काढून टाकला.

२ मार्च, दुपारी १२
चेतना आणि आई काठीला निघाल्या. स्कूटीवर! अक्कलकुव्याला रंजिताकडे, म्हणजे मेहुणीकडे, थांबत जाणार. मी ग्राउंड क्लिअरन्स समजावून सांगितला. आईने हेल्मेट घातलं.
मलाही मागून एसटीने ये म्हणाल्या. धनसिंगच्या सगळ्या शाळेला सांगून ठेवलंय की बायसन आर येते आहे. तिथे एसटीतून उतरू?

३ मार्च
२०२६ मधले बदल: एक नवा रंग, लाल मिरचीसारखा. आणि आरसे बटणावर मिटतात, त्यामुळे अरुंद जागेतही एक फूट वाचतो.
एक फूट.
बाकी सगळं २०२५ चंच.

४ मार्च, संध्याकाळी
दोघी परत आल्या. स्कूटीवर ओरखडा नाही. चेतना म्हणाली, रस्ता डांबरी आहे, पार धनसिंगच्या अंगणापर्यंत. चार वर्षं झाली म्हणे.
नवलसिंगबाबा पहाटेपर्यंत नाचले. होळी पेटली, तसे घुंगरू सोडून त्यांनी धनसिंगच्या हातात दिले. त्याआधी दोनदा विचारलं होतं, प्रकाशा गावचा पोरगा आला का.
मी विचारलं, गाडीचं कोणी काही बोललं? चेतनाने एक पुडी माझ्या हातात ठेवली.
“तुन्ही गाडीनी वाट कोन्हीच देखी नही,” ती म्हणाली. “तुन्ही वाट देखी.”
पुडीत आमचूर. हॉस्टेलवर नवलसिंगबाबा दर महिन्याला आणायचे, धनसिंगला एक पुडी, मला एक. मेसच्या पाणचट डाळीत टाकून आम्ही दोन वर्षं काढली. फार वाईट वाटलं. या वहीत ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून असंच लिहून ठेवतो.
आई बाहेर आली. सवयीने ओट्याकडे वळली, थांबली, मग घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून बसली. मी तिच्याजवळ खाली मातीत बसलो. जागा ऐसपैस झाली आहे. कुठलंही मॉडेल मावेल.